खिडकीतील मत्स्यटाकी आणि बीडचे ऊन

शाळेच्या प्रयोगशाळेत मत्स्यटाकी बसविण्याचा उत्साह साधारण दीड महिना टिकतो. मग काचा हिरव्या होतात, हायड्रिलाच्या फांद्यांवर तंतू लोंबू लागतात, पाणी मुगाच्या आमटीसारखे दिसू लागते. "टाकी घाण झाली" असे ठरते, ती धुतली जाते, आणि दोन-तीन वेळा असे झाले की टाकी कपाटावर जाते. या सगळ्यात चूक कोठे होते, याचा शिक्षकाला उपयोगी पडेल असा विचार करणारे पुस्तक म्हणजे डायना वॉल्स्टड यांचे 'इकॉलॉजी ऑफ द प्लँटेड ॲक्वेरियम'. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचे परीक्षण येथे करायचे आहे, ते बीडसारख्या जिल्ह्यातील शाळा डोळ्यांसमोर ठेवून. पुस्तक नॉर्थ कॅरोलायनात लिहिले गेले आहे, आणि प्रकाशाविषयीचा कोणताही सल्ला अक्षांश पाहूनच वापरावा लागतो.

वॉल्स्टड यांचे शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचे. त्यांचे मुख्य म्हणणे असे की, शेवाळ हा घाणीचा पुरावा नाही. टाकीत आलेला प्रकाश आणि पाण्यात विरघळलेली पोषकद्रव्ये मोठ्या वनस्पतींनी वापरली नाहीत, की ती शेवाळाच्या वाट्याला येतात. म्हणून काच घासत बसण्यापेक्षा वनस्पती जोमाने कशा वाढतील ते पाहावे. त्यासाठी त्या महागडी खते, कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर यांच्या वाटेला जात नाहीत. तळाला सुमारे एक इंच साधी माती, तिच्यावर तेवढाच बारीक खडीचा थर, आणि पहिल्या दिवसापासून भरपूर वनस्पती, एवढीच त्यांची सामग्री.

हे म्हणणे पटण्यासाठी आपल्याला अमेरिकेला जायला नको. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले शेततळे पाहावे. तळाला माती नाही, मुळे धरणारी एकही वनस्पती नाही, डोक्यावर दिवसभर ऊन, आणि कडेच्या रानातून येणारे थोडेफार खत. उन्हाळ्यात ते पाणी हिरवे होते आणि ठिबकची जाळी शेवाळाने तुंबते, हे शेतकऱ्याच्या घरातील मुलाला आधीच ठाऊक असते. शाळेतील टाकी आणि घरचे शेततळे यांतील प्रश्न एकच आहे, हे दाखवून देण्याची संधी शिक्षकाने सोडू नये.

पुस्तकातील कार्बनविषयीचे प्रकरण मला सर्वांत मोलाचे वाटते. आपण वर्गात सांगतो की, मासे कार्बन डायऑक्साइड देतात, वनस्पती ऑक्सिजन देतात, आणि टाकीत समतोल साधतो. वाक्य सुबक आहे, पण अपुरे आहे. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो, आणि पाण्यात त्याचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. चार-पाच गप्पी माशांच्या श्वासाने हायड्रिलाचे पोट भरत नाही. उरलेला वाटा मातीतील जिवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवून पुरवतात. खरे तर १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी आपल्या टाकीची हकीकत मांडली, तेव्हाच हे दोघांचे राज्य नाही हे दिसले होते. दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिसनेरिया यांच्यावर त्यांचे भागले नाही. कुजणाऱ्या पानांनी आणि हिरव्या बुळबुळीत थराने टाकी बिघडू लागली, तेव्हा त्यांना गोगलगायी सोडाव्या लागल्या. पुढे पाठ्यपुस्तकांत मासा आणि वनस्पती उरली. गोगलगाय आणि जिवाणू गळाले.

आता प्रकाशाकडे वळू. पुस्तक खिडकीतील उन्हाचे स्वागत करते. तेथे ते योग्य असेल. डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य नॉर्थ कॅरोलायनात क्षितिजापासून सुमारे ३१ अंशांवर असतो, वॉरिंग्टन यांच्या लंडनमध्ये तर १५ अंशांवर. बीडला तो त्याच दिवशी ४७ अंशांवर असतो. तिकडे माध्यान्हीचा सूर्य कधीच उत्तरेकडे जात नाही. आपल्याकडे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचे दिवस येतात, आणि त्या दरम्यान सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो. म्हणजे पावसाळी ढग येण्यापूर्वी उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन शिरते. थेट ऊन सुमारे एक लाख लक्स, तर खिडकीजवळच्या सावलीत एक-दोन हजार लक्स मिळतात. अलीकडे मोबाइलवरही लक्सचा अंदाज घेता येतो. टाकी कोठे ठेवायची हे ठरविण्याआधी विद्यार्थ्यांकडून खोलीचा प्रकाश-नकाशा काढून घ्यावा.

उष्णतेचा हिशेबही करून पाहावा. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत ५४ लिटर पाणी मावते. वरच्या पृष्ठभागावर कडक ऊन पडले आणि ते सगळे पाण्यानेच शोषले असे धरले, तर तापमान तासाला सुमारे ३ अंशांनी चढते. २५ अंशांना पाणी लिटरला ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते, ३५ अंशांना ७ च्या आसपास. हे आकडे समुद्रसपाटीचे. बीड शहर सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने आणखी पाच-सहा टक्के वजा करावेत. रात्री वनस्पतीही ऑक्सिजनच घेतात, त्यामुळे पहाटे साठा सर्वांत कमी असतो. सकाळच्या शाळेत मासे पृष्ठभागाशी तोंड उघडताना दिसतात ते यामुळे. "जास्त प्रकाश म्हणजे जास्त ऑक्सिजन" हा सल्ला येथे मासे मारू शकतो. बीडमध्ये टाकीला थेट ऊन नको, हे मी पुस्तकाविरुद्ध ठामपणे म्हणेन. छज्जाखालची खिडकी, आणि कमी पडेल तेथे साधा एलईडी दिवा पुरे.

दिव्याच्या बाबतीत वॉल्स्टड यांनी नंतर एक युक्ती सुचवली: पाच तास प्रकाश, चार तास विश्रांती, पुन्हा पाच तास प्रकाश. दुपारच्या विश्रांतीत मातीतून येणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात पुन्हा साठतो. (भारनियमनाच्या दिवसांत ही विश्रांती आपल्याला न मागताच मिळते!) साठा भरून येतो हे त्यांनी मोजून दाखवले आहे. पण त्यामुळे शेवाळ कमी होते, हे त्यातून सिद्ध होत नाही. वाढलेला कार्बन शेवाळालाही मिळतोच. एका टाकीला सलग दहा तास आणि दुसरीला पाच-चार-पाच, बाकी सर्व सारखे, असा प्रयोग शाळेत सहज करता येईल.

वनस्पती आपल्या स्रावांनी शेवाळाला रोखतात, हे प्रकरण मला याहून कच्चे वाटते. मिरिओफायलमसारख्या काही वनस्पतींबाबत चांगला पुरावा आहे. पण प्रयोगशाळेतील अर्कावरून घरच्या टाकीविषयी बोलणे ही लांब उडी आहे. सावली आणि पोषकद्रव्यांची स्पर्धा एवढ्यानेही बरेचसे स्पष्टीकरण होते. याउलट, पाने हवेत असणाऱ्या वनस्पतींना कार्बनची टंचाई भासत नाही, म्हणून त्या पाण्यातील नायट्रोजन झपाट्याने ओढतात, हे विवेचन पक्के आहे. आपल्याकडे त्यासाठी मनीप्लँटची फांदी मुळे पाण्यात सोडून टाकीच्या कडेला अडकवावी. जलपर्णी आणू नये; ती एकदा ओढ्यात गेली की आवरत नाही.

पुस्तकात नसलेला आणि आपल्याला टाळता न येणारा विषय म्हणजे पाणी. छंदिष्टांमध्ये रूढ असलेली दुसरी पद्धत दर आठवड्याला निम्मे पाणी बदलायला सांगते. ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो, तेथील शाळेत आठवड्याला २७ लिटर पाणी बदलणे मुलांसमोर शोभत नाही, मग ते झाडांना घातले तरी. वॉल्स्टड यांची पद्धत फार क्वचित पाणी बदलते, म्हणून ती आपली. पण तिच्यात एक खाच आहे. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर या टाकीतून दिवसाला ०.९ लिटर पाणी उडते. ६० दिवसांत ५४ लिटर, म्हणजे अख्खी टाकी. भर बोअरच्या पाण्याने घातली तर क्षार तेथेच राहतात आणि दोन महिन्यांत दुप्पट होतात. पावसाळ्यात गच्चीवरचे स्वच्छ पाणी दोन-तीन कॅनमध्ये झाकून ठेवावे आणि भर त्याचीच घालावी. टाकीवर काच झाकली तर बाष्पीभवनही पुष्कळ घटते.

बोअरच्या जड पाण्याचा एक फायदाही आहे. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात. कॅबोम्बाला ते नीट जमत नाही, म्हणून दुकानदाराने दिलेला कॅबोम्बा आपल्याकडे झडतो. बायकार्बोनेट वापरले गेले की पाण्याचा सामू चढतो. सकाळी आठला टाकीचे थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका. पुन्हा चार वाजता टाका. टाकी दाट भरलेली आणि चांगल्या प्रकाशात असेल तर सकाळचा नमुना रंगहीन राहतो आणि दुपारचा गुलाबी होतो. पानांवर पांढरट, खरखरीत थर दिसला तर तो कॅल्शियम कार्बोनेटचा. विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाने फसफसतो.

मातीबाबत शेवटचे. पुस्तकातील "साधी बागेची माती" म्हणजे आपली काळी कापसाची माती नव्हे. ती फुगते, आणि रोप उपटताच टाकी गढूळ करते. ती वापरायचीच तर थर अर्ध्या इंचाचा ठेवावा, वर धुतलेली वाळू दोन इंच घालावी आणि रोपे एकदा लावली की हलवू नयेत. गप्पी मासे हिवताप विभागाच्या पैदास केंद्रातून मिळतात. उन्हाळी सुटीपूर्वी टाकीतील मासे कमी करावेत, दिवा बंद ठेवावा, आणि शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याकडे पावसाच्या पाण्याचा कॅन सोपवावा.