हक्क कागदावर, मूल भट्टीवर

दिवाळीनंतर कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांत गेलो की झोपड्या बंद दिसतात. उचल घेतलेली कुटुंबे पोराबाळांसह वीटभट्टीवर गेलेली असतात. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले. शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी! बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे गुन्हा ठरवले, पण कुटुंबाला 'मदत' करण्याची मुभा ठेवली. भट्टीवर मजुरी हजार विटांवर. पोराचे कष्ट बापाच्या हिशेबात बुडतात. माझा आक्षेप इथेच आहे. हे कायदे मूल पाहतात, त्याला बांधणारी उचल पाहत नाहीत. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज रद्द ठरवले आहे. तो आधी या उचलीवर चालवा. मग आम्हांला बालहक्क शिकवा.