‘मानव विरुद्ध निसर्ग’ : उत्तरेकडील कथनांच्या संदर्भात एका आशयसूत्राची तपासणी

उत्तरेकडील हिमप्रदेश आणि तेथील माणसाचे जगणे यांविषयीच्या साहित्याची चर्चा करताना ‘मानव विरुद्ध निसर्ग’ हे आशयसूत्र समीक्षेत जवळजवळ स्वयंसिद्ध मानले जाते. एकदा हे सूत्र स्वीकारले की, कृतीच्या अन्वयार्थाची दिशा ठरून जाते. माणूस जगला तर जिद्दीचा विजय, मेला तर निसर्गाच्या अमर्याद शक्तीचा प्रत्यय, अशी दोनच उत्तरे शिल्लक राहतात. मात्र हे सूत्र निरपवाद नाही. माणूस मूलतः एकटा आहे, भोवतालचा प्रदेश त्याला परका आहे आणि जगणे म्हणजे देह टिकवणे होय, ही गृहीते त्यात दडलेली आहेत. ती कोणाची आहेत, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा.

या सूत्राला सैद्धान्तिक प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने कॅनडातील समीक्षेमुळे. ‘लिटररी हिस्टरी ऑफ कॅनडा’ या ग्रंथाच्या 1965 मधील उपसंहारात नॉर्थ्रप फ्राय यांनी वसाहतकारांच्या लहान, विखुरलेल्या वस्त्यांमधून घडलेल्या ‘तटबंदीच्या मनोवृत्ती’ची संकल्पना मांडली. तटाच्या आत मानवी मूल्ये आणि तटाबाहेर अफाट, भयप्रद निसर्ग, अशी ती रचना आहे. मार्गारेट ॲटवुड यांनी 1972 मधील ‘सर्व्हायव्हल’ या ग्रंथात तगून राहणे हेच कॅनडाच्या साहित्याचे केंद्रवर्ती प्रतीक असल्याचे प्रतिपादन केले. दोन्ही मांडण्या मर्मग्राही आहेत. पण तट कोणी बांधला आणि तटाबाहेर कोण राहत होते, हा प्रश्न दोन्हींच्या परिघावर राहतो. ॲटवुड यांच्या ग्रंथात मूळ रहिवाशांवर स्वतंत्र प्रकरण आहे, परंतु तेथे ते मुख्यतः गोऱ्या लेखकांच्या साहित्यातील प्रतीके म्हणून अवतरतात. उत्तरेचा अनुभव घेणारी दृष्टी बाहेरून आलेल्या माणसाचीच राहते.

या दृष्टीची उत्कृष्ट अभिव्यक्ती म्हणजे जॅक लंडन यांची ‘टु बिल्ड अ फायर’ ही कथा. तिची दोन रूपे उपलब्ध असल्याने आशयसूत्राची घडण प्रत्यक्ष पाहता येते. 1902 च्या रूपात नायकाला टॉम व्हिन्सेंट हे नाव आहे. तो शेकोटी पेटवण्यात यशस्वी होतो, हिमदंशाच्या खुणा घेऊन जगतो आणि एकट्याने प्रवास करू नये, हा धडा शिकतो. 1908 च्या रूपात नायकाचे नाव गळून पडते, त्याच्यासोबत एक कुत्रा येतो आणि नायकाचा अंत होतो. पहिली कथा बोधकथा आहे, दुसरी शोकात्म. हा बदल केवळ शेवटाचा नाही. नाव काढून घेतल्याने नायक ‘मानव’ या अमूर्त पदाला पोहोचतो आणि उणे 75 अंश फॅरनहाइटची थंडी ‘निसर्ग’ या तितक्याच अमूर्त पदाला. थोडक्यात, येथे सूत्र आशयातून निघत नाही. निवेदनातील वजाबाकीतून ते सिद्ध केले जाते.

या वजाबाकीत आणखी एक गोष्ट जाते. कथेचा युकॉनमधील परिसर हान लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर असलेला प्रदेश आहे. पण कथेतील बर्फावर त्यांचे एक पाऊलही उमटलेले नाही. प्रदेश निर्मनुष्य दाखवल्याखेरीज त्याला ‘रान’ म्हणता येत नाही. तथापि लंडन यांची कथा या सूत्राची बंदी नाही, हे तिचे मोठेपण आहे. अशा थंडीत एकट्याने निघू नये, हे सल्फर क्रीकच्या जुन्या जाणत्याने नायकाला सांगितलेले असते. झाडाखाली पेटवलेली शेकोटी फांद्यांवरील बर्फ कोसळून विझते, तेव्हा सोबती असता तर शेकोटी पुन्हा पेटली असती, हे नायकालाही उमगते. म्हणजे त्याला मारते ती थंडी, पण थंडीच्या हवाली करतो तो त्याचा एकटेपणा. ‘मानव विरुद्ध निसर्ग’ या सूत्राने केलेले वाचन कथेतील हा अंतःस्वर दडपून टाकते.

मार्कूसी पात्साउक या इन्युइट लेखकाची कामिकची कथा 1969–70 मध्ये इनुक्टिटूट भाषेतील नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. ‘हार्पून ऑफ द हंटर’ हे लेखकानेच केलेले तिचे इंग्रजी रूपांतर 1970 मध्ये आले आणि बव्हंशी किशोरांची साहसकथा म्हणून वाचले गेले. मूळ पाठावरून थेट केलेले इंग्रजी भाषांतर येण्यास सुमारे पन्नास वर्षे जावी लागली. कथानक वरवर पाहता ‘संघर्षा’चेच आहे. पिसाळलेले पांढरे अस्वल वस्तीवर चालून येते, शिकारी त्याच्या मागावर जातात, एकामागून एक मरतात आणि सोळा वर्षांचा कामिक एकटा उरतो. परंतु निवेदन त्याच्याजवळ थांबून राहत नाही. ते शिकाऱ्यांकडून वस्तीत मागे राहिलेल्यांकडे, तेथून मदतीला निघालेल्या शेजारच्या वस्तीकडे सतत फिरत राहते. कामिक बर्फावर एकटा असतो, कथनात मात्र तो कधीच एकटा नसतो. सामूहिकतेचे हे तत्त्व लेखकाने विधानातून न सांगता निवेदनाच्या संरचनेतून साकारले आहे.

म्हणूनच या कथेचा शेवट निर्णायक ठरतो. कामिक अस्वलांतून आणि थंडीतून वाचतो, शोधपथक त्याच्यापर्यंत पोहोचते. मात्र नव्या वस्तीकडे जाताना बर्फ दुभंगतो आणि त्याची आई व नियोजित वधू पुतूकटी यांना तो गमावतो. त्यानंतर तो आपल्याच भाल्याने जीवन संपवतो. प्रचलित सूत्राला या मृत्यूचा अर्थ लावता येत नाही. हा निसर्गाचा विजय म्हणावा तर कामिक तगला आहे. माणसाचा विजय म्हणावा तर तो जगू इच्छीत नाही. देह टिकला, पण ज्या नात्यांमुळे टिकण्याला अर्थ होता ती उरली नाहीत, हेच या शेवटाचे मर्म आहे. यावरून मूळ रहिवासी निसर्गाशी एकरूप असतात, असा भाबडा निष्कर्षही काढता येणार नाही. या कथेतील बर्फ लंडन यांच्या बर्फाहून दयाळू नाही. तो फक्त परका नाही. घरातही मरण येते, म्हणून घर रान ठरत नाही.

मितिआरजुक नाप्पालुक यांच्या ‘सनाक’ या कथनातून हाच मुद्दा वेगळ्या बाजूने पुष्ट होतो. 1950 च्या दशकात लिहावयास घेतलेले हे लेखन 1984 मध्ये इनुक्टिटूट लिपीत ग्रंथरूप झाले. सनाक ही विधवा चटईसाठी फांद्या गोळा करावयास निघते, येथून त्याची सुरुवात होते. कातडी कमावणे, मांस वाटून घेणे, मुलाला सांभाळणे अशा कामांतून ते पुढे सरकते. तगणे हा येथे नाट्यपूर्ण प्रसंग नाही. तो दिनक्रम आहे.

हा विवेचनाचा भेद केवळ साहित्यशास्त्रीय नाही. 1953 आणि 1955 मध्ये कॅनडा शासनाने इन्युइट कुटुंबांना, मुख्यतः क्वेबेकमधील इनुकजुआक येथून, सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेस रेझोल्यूट बे आणि ग्रीस फिऑर्ड येथे हलवले. दोन वर्षांनी परत आणण्याचे आश्वासन पाळले गेले नाही. महिनोन्‌महिने सूर्य न दिसणाऱ्या त्या प्रदेशातील प्राणी, बर्फ आणि वाटा या माणसांच्या परिचयाच्या नव्हत्या. शासनाने 2010 मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली. ‘उत्तर’ म्हणजे एकच एक रान आणि इन्युइट म्हणजे त्यात कोठेही तगणारा माणूस, ही धारणा या निर्णयाच्या मुळाशी होती. साहित्यातील अमूर्तीकरण आणि प्रशासनातील अमूर्तीकरण यांची जात येथे एकच दिसते. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास हलवल्या गेलेल्यांत पात्साउक होते. त्यांची कथा या स्थलांतराविषयी नाही. तिचा काळ त्यापूर्वीचा आहे. परंतु नाती तुटल्यावर तगण्याला काय अर्थ उरतो, हा तिचा प्रश्न या इतिहासासमोर ठेवून वाचणे अप्रस्तुत ठरू नये.

मराठी समीक्षेत अशा साहित्यासाठी ‘निसर्गाशी झुंज’, ‘जीवनसंघर्ष’ या संज्ञा रूढ आहेत. दोन्ही युद्धाच्या रूपकातून आलेल्या आहेत आणि दोन्हींत प्रतिपक्ष गृहीत आहे. ‘तगणे’ या क्रियापदाला मात्र प्रतिपक्ष लागत नाही. त्याला आधार लागतो. रोप तगते ते मातीच्या आधाराने, कुटुंब तगते ते परस्परांच्या. लंडन यांच्या नायकाजवळ आगपेटी होती, आधार नव्हता; कामिकजवळ होता आणि तो गेला. उत्तरेकडील कथने वाचताना कोण जिंकले, असे विचारण्याऐवजी कोणाच्या आधाराने कोण तगले, असे विचारले तर दोन्ही कथा आपापल्या पूर्णतेने उलगडतात.