एकच हिवाळा, दोन उपासमारी

लॉरा इंगल्स वाइल्डर यांची 'द लाँग विंटर' (१९४०) ही कादंबरी अमेरिकेतील मुलांच्या कित्येक पिढ्यांनी वाचली. १८८०-८१ च्या हिवाळ्यात डकोटा प्रदेशातील दे स्मेट या नव्याने वसलेल्या गावावर हिमवादळांमागून हिमवादळे आली, आगगाड्या बंद पडल्या, धान्य संपत आले, त्याची ही कथा. पुस्तक दुबळे नाही. सरपण संपल्यावर गवताला पीळ देऊन ते जाळणे, कॉफीच्या हातचक्कीवर गहू भरडून त्याच्या पावावर दिवस काढणे, हे सारे लेखिका रडगाणे न गाता सांगते. आपल्या मध्यमवर्गीय बालवाङ्मयात भुकेला एवढी जागा क्वचितच मिळाली आहे.

प्रश्न आहे तो, ही भूक कोणाची? कादंबरीत एक वृद्ध मूळनिवासी दुकानात येतो, सात महिने बर्फ पडेल असा इशारा गोऱ्यांना देतो आणि निघून जातो. लॉराचे वडील तो इशारा मानून कुटुंबाला गावात हलवतात. पण इशारा देणाऱ्याला नाव नाही, घर नाही. त्याच्या तोंडी भाषा घातली आहे तीही मोडकीतोडकी. त्या सात महिन्यांत त्याच्या माणसांनी काय खाल्ले, हे विचारण्याची गरज पुस्तकाला भासत नाही. ज्ञान तेवढे घ्यायचे आणि ज्ञात्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

इतिहासात मात्र त्या हिवाळ्याची दुसरी बाजू नोंदलेली आहे. १८७७ साली अमेरिकेने लकोटांचा ब्लॅक हिल्स हा डोंगराळ मुलूख कायदा करून बळकावला. त्याच वर्षी सिटिंग बुल आपल्या लोकांसह कॅनडात गेले. ज्या रानगव्यांवर त्यांचे जगणे अवलंबून होते ते तेथेही संपत आले. १८८०-८१ चा तोच हिवाळा या माणसांनीही उपाशीपोटी काढला, आणि १९ जुलै १८८१ रोजी दोनशेहूनही कमी माणसांसह फोर्ट ब्युफर्ड येथे सिटिंग बुल यांना शरण यावे लागले.

लॉरा तेव्हा चौदा वर्षांची पोर होती, तिला हे कुठून कळावे, असे कोणी म्हणेल. पण पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा लेखिका त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या.

२०१८ मध्ये अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने बालसाहित्य पुरस्काराला असलेले वाइल्डर यांचे नाव काढले, तेव्हा बंदीची ओरड झाली. बंदी कोणीच घातली नव्हती. शिक्षकांनी हे पुस्तक जरूर वाचून घ्यावे. मात्र त्याच्या जोडीला ओजिब्वे वंशाच्या लुईस अर्ड्रिक यांचे 'द बर्चबार्क हाउस' (१९९९) ठेवावे. १८४७ सालच्या या कथेतही जीवघेणा हिवाळा आहे, देवीची साथ आहे. आणि तो हिवाळा सोसणारी ओजिब्वे मुलगी ओमाकायास हीच त्या पुस्तकाची नायिका आहे.