मास्तरांच्या नेमणूकपत्रात नसलेली कामे

‘बनगरवाडी’ मी आजवर तीनदा सलग वाचली. पहिल्यांदा बी.ए.ला, नेमलेले पुस्तक म्हणून. दुसऱ्यांदा एम.ए.च्या टिपणासाठी. त्या टिपणात मी लिहिले होते, की व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी अखेरीस निराशेकडे झुकते, कारण मास्तराच्या सगळ्या धडपडीचे फळ दुष्काळ गिळून टाकतो. मार्क बरे पडले. तिसऱ्यांदा वाचली ती बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरची आमची दोनशिक्षकी शाळा बंद झाली त्या आठवड्यात. नऊ वर्षे मी तिथे होतो. जनरल रजिस्टर, हजेरीपट, डेडस्टॉकची वही, पोषण आहाराच्या उरलेल्या तांदळाची नोंद, सगळे मोजून दिले, पोच घेतली आणि घरी येऊन पुस्तक काढले. टिपणातले ते वाक्य चुकीचे होते, असे तेव्हापासून वाटू लागले. का, ते इथे मांडतो.

१९५५ साली आलेल्या या कादंबरीबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रादेशिक कादंबरीचा मुद्दा निघाला की तिचे नाव पहिल्या पाचांत येते. तिला नायक नाही, वाडी हीच नायक, हे वाक्य तर विद्यार्थी पाठच करतात. ते खोटे नाही. ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ या इंग्रजी भाषांतराच्या नावातही गावच पुढे आहे, मास्तर नाही. पण वाडीला नायक केले की एक साधी गोष्ट नजरेआड होते. ही सगळी हकिगत सांगणारा माणूस तिथे नोकरीवर आलेला आहे. राजाराम विठ्ठल सौंदणीकर, अजून मिसरूड धड न फुटलेला, औंध संस्थानच्या शाळाखात्याचा मास्तर. माणदेश पाहायला किंवा गावसुधारणा करायला तो निघालेला नाही, त्याला पगार हवा आहे. आपल्या कथा-कादंबऱ्यांत नोकरदार पुष्कळ आहेत, पण बहुतेक ठिकाणी नोकरी म्हणजे माणूस झिजण्याची जागा. कचेरी, साहेब, फायली आणि संध्याकाळची लोकल. नोकरीतून माणूस भरत जातो, अशी मराठी कादंबरी शोधायला गेलो तर बोटे लवकर संपतात. ‘बनगरवाडी’ तशी आहे, असा माझा दावा आहे.

आणि तो भरतो कशाने? शिकवण्याने नव्हे. तिसऱ्या वाचनात मी पेन्सिल घेऊन बसलो आणि मास्तर वर्गात शिकवतो आहे अशा जागांवर खुणा करत गेलो. खुणा फार थोड्या झाल्या. मुले जमवण्याचे कष्ट आहेत. मेंढरे कोण राखणार, हा धनगरांचा रास्त प्रश्न आहे. म्हाताऱ्या कारभाऱ्याला वळवणे आहे. पण फळा, पाढे, बाराखडी यांना लेखकाने जेमतेम जागा दिली आहे. पाने भरली आहेत ती इतर कामांनी. कुणी जुने राणीछाप रुपये मोडून आणायला देतो. कुणाचे भांडण मिटवायचे असते, कुणाचा निरोप तालुक्याला पोचवायचा असतो. आयबूसारखा पोरका पोरगा नुसताच मास्तराभोवती घोटाळत राहतो, त्याला जवळ करायचे असते. शाळाखात्याच्या आदेशात यातले एकही काम नाही. वाडीला मात्र मास्तर हवा आहे तो यासाठी: गावाबाहेरच्या जगाशी बोलता येणारा आपल्यातला एक माणूस.

माडगूळकर हे कुठे समजावून सांगत नाहीत, आणि त्यातच त्यांची ताकद आहे. मास्तराला एका क्षणी आपल्या आयुष्याचा अर्थ सापडला, असा प्रसंग पुस्तकात नाही. एक काम अंगावर येते, तो ते करतो, म्हणून दुसरे येते. लिहिता-वाचता येणे हे त्याचे भांडवल, तेही मोजके. त्या भांडवलावर लोक विश्वास टाकत जातात आणि त्या ओझ्याने तो वयाने वाढतो. विश्वास महागही पडतो. कारभाऱ्याची अंजी त्याला तालुक्याहून चोळी आणायला सांगते. एवढ्याशा कामातून संशयाचे वादळ उठते आणि म्हाताऱ्याची मर्जी फिरते. नेमणुकीपुरते काम करणाऱ्या मास्तरावर ही पाळी आली नसती. आमच्या प्रशिक्षणांत ‘समाजाचा सहभाग’ या विषयावर तास घेतले जायचे. अंजीच्या चोळीचे प्रकरण तिथे वाचून दाखवावे असे मला नेहमी वाटे. धाडस झाले नाही.

इथवरचे वाचन गोड आहे, आणि गोडीचाच धोका आहे. ‘कामात जीव ओता, समाधान मिळेल’ असा धडा काढून मोकळे होता येते. तो धडा कादंबरीच अडवते, शेकूच्या प्रसंगात. शेकूकडे एकच बैल. पेरणीची वेळ टळून चालत नाही, आणि जोडीचा दुसरा बैल मिळत नाही. तेव्हा जुवाच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको खांदा देते. ती मला ‘शेकूची बायको’ म्हणूनच आठवते. ज्या काळात मास्तराला आपल्या कामात हळूहळू रस येऊ लागला आहे, त्याच काळात, त्याच शिवारात एक बाई बैलाच्या जोडीने ओढते आहे. तिलाही काम आहे. त्याहून गरजेचे काम वाडीत दुसरे नाही. पण काम आवडते का, असे तिला कोण विचारणार? माडगूळकर गळा काढत नाहीत, संतापतही नाहीत. जे दिसले ते सांगतात आणि पुढे जातात. पहिल्या दोन वाचनांत मला हा प्रसंग दारिद्र्याचे चित्र वाटला होता. आता वाटते, मास्तराच्या समाधानाला तो घातलेला लगाम आहे. आवडीचे काम ही पगारी माणसाला मिळालेली सवलत आहे, हे मास्तर बोलून दाखवत नाही, पण तो प्रसंग वाचल्यावर वाचकाला ते विसरता येत नाही.

तालमीबद्दल माझी तक्रार आहे. मास्तराच्या पुढाकाराने वाडी अंगमेहनतीने तालीम उभी करते आणि तिच्या उद्घाटनाला औंधचे राजेसाहेब येतात. औंधच्या पंतप्रतिनिधींचा व्यायामाचा, विशेषतः सूर्यनमस्काराचा ध्यास प्रसिद्ध होता, त्यामुळे यात खोटे काही नाही. माडगूळही औंध संस्थानातलेच. लेखकाने हे वातावरण लहानपणी अनुभवलेले. तरी त्या समारंभाच्या पानांत कादंबरीचा आवाज जरा चढतो. वाडीने दगड-माती वाहिली ती पाने खरी वाटतात, राजाची स्वारी येते ती थोडी सजवलेली. मास्तराला वरून शाबासकी मिळावी, असे लेखकाला तरुण वयात वाटले असावे. मलाही वाटायचे.

इथे थोरल्या माडगूळकरांची आठवण येते. ‘दो आँखें बारह हाथ’ या व्ही. शांताराम यांच्या १९५७च्या चित्रपटाची कथा गदिमांची. तिला आधार औंध संस्थानातल्याच स्वतंत्रपूर या खुल्या कैदी वसाहतीचा. ती आटपाडीजवळ, म्हणजे माडगूळच्या अगदी शेजारी. एकाच मुलखातल्या दोन भावांनी दोन वर्षांच्या अंतराने, पगारी नोकरीत जीव ओतणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली, याची नोंद एकत्रितपणे झालेली माझ्या पाहण्यात नाही. थोरल्याच्या कथेत पडीक जमीन हिरवी होते, भाजी बाजारात जाते, दुष्ट व्यापारी आडवा येतो आणि जेलर प्राण देतो. श्रमाला फळ येते आणि हुतात्माही मिळतो. धाकट्याच्या पुस्तकात पाऊसच येत नाही. मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते, शाळेत मूल उरत नाही. मास्तराला हरवणारा खलनायकही नाही. बाळा बनगराने तालमीला विरोध केला होता खरा, पण शेवटी दुष्काळाने त्याला आणि मास्तराला एकाच मापाने मोजले.

एम.ए.च्या टिपणात मी यालाच निराशा म्हटले होते. तेव्हा कामाचा हिशेब फळावरून मांडायची सवय होती. आमच्या वस्तीवरची माणसे ऊसतोडीला जातात. संचमान्यतेसाठी पट धरला जातो तो ३० सप्टेंबरचा. त्या दिवशी सगळी मुले शाळेत असत. दिवाळी झाली की ट्रॅक्टर, ट्रक लागत, भांडीकुंडी चढत आणि मुलेही. मार्चनंतर जी परत येत त्यांना पुन्हा पहिल्यापासून अक्षरे गिरवायला लावायची. दरवर्षी बनगरवाडी, दरवर्षी ओस. मग काही घरे कायमचीच कारखान्याकडे राहिली, पट एक आकडी झाला, शाळा जवळच्या शाळेत मिळवली गेली. फळावर मोजले तर नऊ वर्षांची बेरीज शून्याच्या आसपास. पण त्या नऊ वर्षांत मी रिकामा होतो, असे एकही दिवस वाटले नव्हते. सातबारा वाचून दाखवला, आधारकार्डातली नावे दुरुस्त करून आणली, एका बाळंतिणीला रात्री मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेले. शिकवलेही, जमेल तसे. कादंबरी शेवटी मास्तराकडून कसलाही हिशेब घेत नाही. त्याची वर्षे वाया गेली असे ती म्हणत नाही, सार्थकी लागली असेही नाही. एवढेच लक्षात घेतले असते तर मी ‘निराशा’ हा शब्द वापरला नसता.

मागच्या हंगामात फडातून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. सातवीतून सुटलेला, आता बायकोसह कोयता घेऊन जातो. उचल किती, आठवडावार टन किती, दर काय, मुकादमाने काय कापले, असे आकडे त्याने एकेक करून सांगितले. मी वहीच्या मागच्या पानावर मांडले, बेरीज केली, वजाबाकी केली आणि उत्तर सांगितले. तो म्हणाला, “माझंबी तेवढंच आलंय, गुरुजी. मुकादमाचं येगळं हाय. नुसतं पक्कं करून घेतलं.”