नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

जुहूला 'जलसा'समोर रविवारी जमणाऱ्या चाहत्यांना काय म्हणाल? मित्रांत आपण गमतीने 'पंखे' म्हणतो. अमिताभ बच्चन ब्लॉगवर आपल्या वाचकांना 'ईएफ', म्हणजे विस्तारित कुटुंब म्हणतात. शाहरुखचे चाहते स्वतःला 'एसआरकेयन' म्हणवतात. सलमानच्या चाहत्यांना मात्र विरोधक 'भाईटार्ड' म्हणतात. त्यातला 'टार्ड' हा बौद्धिक अपंगत्वावरून केलेल्या इंग्रजी शिवीचा तुकडा. म्हणजे भांडण दोघांचं, घाव तिसऱ्यावर.

ही तिन्ही नावं 'टोपणनाव' या एकाच रकान्यात टाकलीत, तर विश्लेषण तिथेच फसलं. प्रयोगशाळेत आपण आधी उपकरणातली त्रुटी तपासतो ना? इथे शब्द हेच उपकरण. म्हणून आधी विचारा: हे नाव ठेवलंय, की नावं ठेवलीयत? आणि कोणी?