बुचरच्या टोळीला गाव नाही

'द बॉइज' बघताना मला सारखं कुंडल आठवत राहिलं. खरं तर दोन्हींचा काही संबंध नाही. एक अमेरिकेतली रक्तबंबाळ मालिका, दुसरं पलूस तालुक्यातलं उसाच्या पट्ट्यातलं गाव. पण कायद्याच्या वर जाऊन बसलेल्या सत्तेशी लपूनछपून लढणारी टोळी हा मालिकेचा विषय आहे, आणि कुंडलला तो विषय फार जवळून माहीत आहे. (पुढे स्पॉयलर आहेत.)

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'वॉट' नावाच्या कंपनीने सुपरहिरो तयार केलेत आणि ती त्यांच्यावर पैसा कमावते. पडद्यावर हे हिरो देवमाणसं, पडद्यामागे खुनी, व्यसनी, बलात्कारी. त्यांना संपवायला निघालेल्या गुप्त टोळीचा म्होरक्या बिली बुचर. शिवराळ, खोटारडा, स्वतःच्या माणसांनाही प्यादी समजणारा. गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांचं मूळ कॉमिक २००६ ते २०१२ या काळात ७२ अंकांत आलं. ॲमेझॉन प्राइमवरची मालिका २०१९ साली सुरू झाली.

मालिका सत्तेचा हिशेब फार अचूक मांडते. पहिल्याच भागात ए-ट्रेन हा हिरो धावता धावता ह्यूईच्या प्रेयसीच्या आरपार जातो. ह्यूईच्या हातात तिचे नुसते हात उरतात. मग कंपनीची माणसं येतात, ४५ हजार डॉलर पुढे करतात आणि तोंड बंद ठेवण्याच्या कागदावर सही मागतात. खून, माफी, चेक, सही. ही साखळी आपल्याला अमेरिकन वाटतच नाही.

पण सीझन पुढे सरकतात तशी एक गोष्ट खटकायला लागते. या कथेत सामान्य माणसं नेमकी कोण आहेत? ती फॅन आहेत, मोर्च्यातली गर्दी आहेत, नाहीतर प्रेतं आहेत. तिसऱ्या सीझनच्या शेवटी होमलँडर भर चौकात एका माणसाचं डोकं उडवतो आणि जमाव आधी गप्प होतो, मग टाळ्या वाजवतो. प्रसंग अंगावर येतो. पण लोकांबद्दल मालिकेचं मतही तिथे कळतं: लोक म्हणजे प्रेक्षक. बुचरच्या टोळीला कुणी घरात घेत नाही, कुणी जेवू घालत नाही. तळघरात राहायचं, आपसात भांडायचं, बाहेर पडून मारायचं.

इथे मला कुंडल आठवतं. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. उघड्यावर उभं राहिलं की गोळी बसते हे कळल्यावर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातली चळवळ भूमिगत झाली. आजच्या सांगलीचा बराचसा भाग तेव्हा याच जिल्ह्यात होता. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात चाललं आणि कुंडल त्याचं एक मुख्य केंद्र होतं. तुफान सेना इथली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, हे तिचे नेते. गाव औंध संस्थानात होतं, आणि औंधच्या राजाने १९३९ मध्येच गावपंचायतींना कारभार देणारी घटना लागू केली होती. ब्रिटिश मुलूख आणि संस्थानी मुलूख असा पोलिसांच्या हद्दींचा गुंता भूमिगतांच्या पथ्यावर पडला.

७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पुणे-मिरज गाडी अडवली गेली. गाडीत रेल्वेच्या पगाराची रक्कम होती. रुळांवर पुढे दगड रचले, मागे जाता येऊ नये म्हणून मागेही रचले. हातात काठ्या, कोयते. बुचरला आवडला असता असाच हा बेत. फरक नंतर दिसतो. 'लूट' हा शब्द कॅप्टन भाऊंना नव्वदी ओलांडल्यावरही मान्य नव्हता. इंग्रजांनी लोकांचं लुटलेलं आम्ही परत आणलं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पैसा कुणाचा याचं उत्तर त्यांना द्यावंसं वाटत होतं. बुचरला असं उत्तर कधी द्यावंच लागत नाही, कारण विचारणारं कुणी नाही.

दुसरा प्रसंग नाना पाटलांच्या मुलीचा, हौसाबाईंचा. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर सोबत्याने नवरा होऊन त्यांना मारायचं नाटक केलं. नवरा-बायकोचं भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले आणि बाकीच्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. मार खरोखरचा बसल्याची तक्रार हौसाबाईंनी नंतर केली. ही युक्ती चालली ती गावातल्या रोजच्या जगण्यावर. बाईला मारणारा नवरा रस्त्यावर दिसणं पोलिसांना अजिबात नवीन नव्हतं. आणि तक्रार करता येईल इतकी मोकळीक त्या गटात होती. बुचरच्या टोळीतली किमिको तर बराच काळ बोलतच नाही.

म्हणून कुंडल चांगलं आणि 'द बॉइज' वाईट, असं म्हणून मी थांबणार नाही. एका बाबतीत ही मालिका आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे.

'प्रति'चं 'पत्री' कसं झालं याची गोष्ट आपण हसत सांगतो. घोड्याच्या टापेला पत्री ठोकतात तसे तळव्यांवर फटके. सावकार, गावगुंड, दरोडेखोर, पोलिसांचे खबरे यांना ही शिक्षा व्हायची. आता त्यावर ढोल-ताशाचं म्युझिक लावलेल्या रील्स फिरतात. त्यात फटका मारणारा हात दिसतो, तळवा कधी दिसत नाही. अमका खबऱ्या आहे हे कुणी ठरवलं, चुकून दुसराच धरला गेला तर काय, मारणाऱ्याला रात्री झोप लागली का, हे आपण विचारत नाही. 'द बॉइज' हे विचारते. तिसऱ्या सीझनमध्ये ताकदीसाठी बुचर आणि ह्यूई तेच औषध टोचून घेतात, ज्याच्या विरोधात ते लढतायत. ह्यूईला ती ताकद आवडायला लागते, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो.

कॉमिक तर टोकाला जातं. शेवटी बुचर ते औषध अंगात असलेल्या प्रत्येकाला, साध्या माणसांनाही, मारायला निघतो. आड येणारे स्वतःचे सोबती संपवतो. ह्यूईलाच त्याला थांबवावं लागतं. एनिसला आपला नायक कुठे पोचणार हे नीट कळलं होतं.

प्रतिसरकार तिथे का पोचलं नाही? माणसं सज्जन होती म्हणून, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. त्या काठीच्या भोवती बाकीचा पसारा होता. गावोगावची न्यायदान मंडळं, भांडणांचे निवाडे, कमी खर्चातली गांधी-लग्नं, वाचनालयं. आणि १९४६ मध्ये भूमिगत माणसं वर आली तेव्हा त्यांना त्याच गावांत राहायचं होतं. ज्याला मारलं त्याच्याच बांधाला बांध. नाना पाटील पुढे निवडणूक लढवून खासदार झाले. बापूंच्या नावाचा साखर कारखाना आज कुंडलला आहे. कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये, वयाच्या ९९व्या वर्षी गेले. उरलेली सगळी वर्षं लोकांच्या समोर जगावी लागली.

बुचरसाठी असं 'नंतर' लेखकांनी ठेवलेलंच नाही. त्यामुळे त्याचा राग भारी दिसतो आणि भाग संपला की रिकामा वाटतो. मालिका बघाच, ती बघण्यासारखी आहे. फक्त बघताना, आणि क्रांतिसिंहांची रील फॉरवर्ड करतानाही, दोन साधे प्रश्न जवळ ठेवा: या माणसाला रात्री भाकरी कोण देतंय, आणि तो चुकला तर त्याला चावडीवर बोलवायची हिंमत कुणाची आहे?