रोध-अतिक्रमण प्रतिमानाची मर्यादा

बहुभारित आयन उदासीन अणूजवळून जाताना त्याचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतो. या घटनेचे सर्वांत सुटसुटीत विवेचन रोध-अतिक्रमण प्रतिमानात आढळते. बोर व लिंडहार्ड यांच्या १९५४ च्या निबंधात त्याचे बीज आहे. रियुफुकु, सासाकी व वातानाबे यांनी १९८० साली त्याला प्रचलित रूप दिले. दोन विभवकूपांमधील बांध इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळीइतका खचला की इलेक्ट्रॉन पलीकडे जातो, एवढेच गृहीत. आयनाच्या भाराचे वर्गमूळ दुप्पट करून त्यात १ मिळवावा, बेरजेला लक्ष्याच्या आयनीभवन ऊर्जेने भागावे, की आणवी एककांत ते अंतर मिळते. आठही इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन व हायड्रोजनचा अणू यांच्यासाठी ते सुमारे १३.३ येते आणि इलेक्ट्रॉन ५ या मुख्य पुंजांकाच्या पातळीत उतरतो. प्रयोगही तेच सांगतो. चिठोऱ्यावर होणाऱ्या गणिताने इतके पदरात टाकावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आक्षेप आहे तो या यशावर विसंबून पुढे केल्या जाणाऱ्या अनुमानांविषयी. रोसॅट उपग्रहाला मार्च १९९६ मध्ये ह्याकुताके धूमकेतूकडून क्ष-किरण येताना आढळले. क्रेव्हन्स यांनी १९९७ साली त्यांचे मूळ सौरवातातील बहुभारित आयनांच्या इलेक्ट्रॉन-ग्रहणात दाखविले. परंतु वर्णपट ठरतो तो केवळ मुख्य पुंजांकावर नव्हे. पाचव्या पातळीत उच्च कोनीय संवेगासह आलेला इलेक्ट्रॉन पायरीपायरीने उतरून अखेर लायमन-आल्फा रेषा देतो. एकच एकक संवेग असलेला थेट तळाशी उडी घेऊ शकतो. या वाटपाविषयी प्रतिमान अगदी मूक आहे. ती उणीव संख्याशास्त्रीय वाटप गृहीत धरून भरण्याची रीत पडली. पण ते वाटप शोभते वेगवान टकरींना. सौरवाताचा वेग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे वेगाच्या आणवी एककाच्या एक-पंचमांशाहूनही कमी.

लिव्हरमोर येथील आयन-सापळ्यात मंद टकरींत उच्च लायमन रेषा फार तीव्र आढळल्या. सापळ्यातील टकरी सौरवाताहून पुष्कळच मंद असल्याने ते आकडेही धूमकेतूला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे खरे. तरीही गृहीत वाटपाची किंमत लहान नाही. हायड्रोजनसदृश कार्बनची दुसरी लायमन रेषा ४३६ इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी, तर हीलियमसदृश नायट्रोजनच्या मुख्य रेषा ४२० ते ४३१ च्या दरम्यान पडतात. ढोबळ विभेदनाच्या उपकरणाला त्या एकत्रच दिसतात. कार्बनच्या त्या रेषेची तीव्रता चुकीची धरली, तर चूक सौरवातातील नायट्रोजनच्या प्रमाणात उतरते. शिवाय धूमकेतूचा वायू मुख्यतः पाण्याच्या रेणूंचा असतो. तेथे दोन इलेक्ट्रॉन एकदम ग्रहण होऊन त्यांपैकी एक पुन्हा निसटूही शकतो, आणि एका इलेक्ट्रॉनसाठी मांडलेल्या सूत्रात त्याला जागाच नाही.